हर्सूल परिसरातील उद्यानपरंपरा आणि दगडाचा वापर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहराच्या इतिहासावर मराठी, उर्दू व इंग्रजी भाषांमध्ये विपुल लेखन झाले आहे. दरवाजे, मकबरे, मशिदी, लेणी, दरगाहे आणि तटबंदी यांचा अभ्यास अनेकांनी केला. त्या मानाने या शहराच्या बागांकडे कमी लक्ष गेले आणि बागेतील दगडाचा विचार तर प्रसंगोपात्त उल्लेखापलीकडे फारसा झालेला दिसत नाही. बाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वृक्ष, वेली, फुले आणि कारंजी येतात. दगड हा त्यांचा केवळ आधार, अशी आपली समजूत असते.

अलीकडे मात्र घरगुती बागेत दगडाला नव्याने मानाचे स्थान मिळू लागले आहे. हर्सूल, जटवाडा मार्ग व सावंगी या भागांत नव्याने उभ्या राहिलेल्या वसाहतींतून सहज फेरफटका मारला तरी अंगणात पांढऱ्या गोट्यांचे पट्टे, काळ्या खडकांच्या रचना, कोपऱ्यात उभे केलेले जाते किंवा उखळ असे दृश्य वारंवार दिसते. या शैलीस कोणी आधुनिक म्हणतात, कोणी जपानी म्हणतात. ज्या भूमीवर ही दगडांची रचना केली जाते, त्याच भूमीत दगड आणि बाग यांचे चार शतकांचे नाते आहे, याची जाणीव मात्र क्वचितच आढळते. या परिसरातील जुन्या बागांमध्ये दगड प्रामुख्याने पाण्याच्या कामासाठी आला. पाणी आणणे, साठवणे, उतरवणे आणि जिरवणे ही त्याची कामे होती. नळाचे पाणी आल्यानंतर दगड या कामांतून मोकळा झाला आणि शोभेची वस्तू बनला. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे. त्यासाठी ज्ञात ऐतिहासिक माहिती व प्रत्यक्ष पाहणी या दोहोंचा आधार घेतला आहे.

खडक आणि झरे

हर्सूल हे शहराच्या उत्तरेस, दिल्ली दरवाजातून फुलंब्री-सिल्लोड-अजिंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावरील गाव. हाच मार्ग पूर्वी बुऱ्हाणपूरकडे जात असे. आज गाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि बाहेरच्या माणसास ते मध्यवर्ती कारागृह, तलाव व हर्सिद्धी देवीच्या नवरात्र यात्रेमुळे ठाऊक असते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र हर्सूलचे महत्त्व त्याच्या भूगर्भात आहे.

हा सारा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. काही थर भरीव व अभेद्य, तर काही सच्छिद्र आणि भेगाळ झाले. भरीव दगडातून पाणी जात नाही. ते साचते व वाहते ते भेगांमधून, मुरमाच्या थरातून आणि दोन थरांच्या सांध्यातून. उत्तरेकडील जटवाड्याच्या डोंगररांगेत पडलेला पाऊस खाम नदीच्या खोऱ्यात उतरतो, मुरमातून झिरपतो आणि खालच्या भरीव खडकाने अडवला की उताराच्या दिशेने सरकू लागतो. हर्सूल परिसरातील झऱ्यांचे रहस्य हे असे आहे. वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर आणि तेही चार महिन्यांत पडणाऱ्या पावसाच्या प्रदेशात असे झरे म्हणजे मोठीच ठेव होती.

कारागिरांच्या बोलीतही खडकाचे हे दोन स्वभाव उमटलेले आहेत. घडीव कामाचा 'काळा दगड', भरावाचा 'डबर', रस्त्याची 'खडी', आणि सहज उकरता येणारा 'मुरूम' हे भेद त्यांना पुस्तकाविना ठाऊक असतात. बागेच्या दृष्टीने या चारही प्रकारांचे काम वेगवेगळे होते. शोभेच्या बाजारात ते सारे 'दगड' या एकाच नावाने विकले जातात.

नहरे-अंबरी : अदृश्य दगडकाम

निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे शहर वसवले. नावातच खडक असलेल्या या गावी राजधानी करायची तर पाण्याचा प्रश्न आधी सोडवणे भाग होते. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याने उभारलेली नहरे-अंबरी हे या प्रश्नाचे उत्तर होय. हर्सूलकडील भूगर्भातील पाणी जमिनीखालच्या बांधीव मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणण्यात आले. इराणमधील कनात पद्धतीशी या योजनेचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. या तंत्राची पार्श्वभूमी अर्थात निजामशाहीच्या मूळ राजधानीतच होती. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे खापरी नळांनी पाणी आणण्याची परंपरा मलिक अंबरापूर्वीची आहे आणि तेथील फराहबागेचा महाल तर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाण्याच्या मधोमध बांधला गेला.

नहरीचे दगडकाम कोणाच्या नजरेस पडावे म्हणून केलेले नाही. जमिनीखालचा बांधीव बोगदा, खापरी नळ, नळाभोवतीचे चुन्याचे अस्तर, ठिकठिकाणी उतरण्यासाठी ठेवलेली तोंडे आणि पाण्याचा दाब व कोंडलेली हवा मोकळी करण्यासाठी उभारलेले मनोरे, असा तिचा पसारा. यांपैकी जमिनीवर दिसतात ते केवळ मनोरे आणि काही तोंडे. एखाद्या शेताच्या कडेला किंवा दोन घरांच्या मध्ये असा निमुळता मनोरा अचानक समोर येतो. तो कशासाठी आहे, हे शेजाऱ्यांनाही नेहमी सांगता येत नाही.

बागेच्या इतिहासात नहरीला पहिले स्थान द्यावे लागते, कारण तिच्याविना पुढची एकही मोठी बाग संभवत नव्हती. औरंगजेबाने १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून येऊन शहराला आपले नाव दिले, त्यापूर्वीच पाण्याचा हा पाया घातला गेलेला होता. पुढे वाढत्या वस्तीसाठी आणखी नहरी काढण्यात आल्या. मुघल बागांचे श्रेय देताना मलिक अंबराचे नाव सहसा घेतले जात नाही. प्रस्तुत लेखकास हा क्रम उलटा वाटतो.

चारबाग, हौद आणि हिमायतबाग

मुघल उद्यानाची कल्पना चारबागेवर आधारलेली आहे. जलमार्गांनी चार भागांत विभागलेला चौरस किंवा आयत, मध्ये हौद, भोवती तट. ही कल्पना हिंदुस्थानात आणणाऱ्या बाबराची येथील वाहत्या पाण्याच्या अभावाबद्दलची तक्रार प्रसिद्ध आहे. तिच्यावरचा त्याचा उपाय कमी प्रसिद्ध आहे. धौलपूर येथे त्याने अखंड खडक कोरून कमळाच्या आकाराचा हौद करवला. विस्मृतीत गेलेल्या या बागेचे अवशेष अभ्यासक एलिझाबेथ मॉयनिहन यांनी १९७८ मध्ये शोधून काढले. खडक हा अडथळा न मानता त्यालाच पाण्याचे पात्र बनवण्याची ही रीत दख्खनला नवी नव्हती. कान्हेरीच्या लेण्यांतील कोरीव 'पोढी' म्हणजे पाण्याची टाकीच होत. मराठ्यांच्या किल्ल्यांवरील टाक्यांची परंपराही तीच. गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहावे, आणि जागा सोडता येत नसेल तर खडक फोडून पाण्याची सोय करावी, असा दंडक रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. टाक्यासाठी फोडलेला दगड तटाच्या कामी येई, म्हणजे एकाच श्रमात दोन कामे होत.

औरंगाबादेतील चारबागेचे ठळक उदाहरण म्हणजे बीबी का मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम (राबिया-उद्-दौरानी) हिचा मृत्यू १६५७ मध्ये झाला आणि त्यानंतरच्या दशकात ही वास्तू उभी राहिली. मकबऱ्याची चर्चा नेहमी ताजमहालाच्या तुलनेत अडकते आणि संगमरवर कमी वापरला म्हणून त्याला उणे ठरवले जाते. फ्रेंच प्रवासी तॅव्हर्निए याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना संगमरवर लादलेल्या सुमारे तीनशे गाड्या पाहिल्या, प्रत्येकीस निदान बारा बैल जुंपलेले होते. एवढ्या दूरचा दगड आणण्याचा हा खटाटोप पाहता संगमरवर कबरीच्या इमारतीपुरता, त्यातही खालचा पट्टा आणि घुमट एवढ्यापुरता राखला जावा, हे समजण्यासारखे आहे. मधला भाग स्थानिक काळ्या पाषाणाचा असून त्यावर गिलावा आहे.

बागेकडे वळल्यावर चित्र अधिक स्पष्ट होते. मुख्य दरवाजापासून कबरीपर्यंत जाणारा रुंद मार्ग, त्याच्या मधोमध जलमार्ग व कारंजी, कडेने जाळीदार कठडे आणि दोन्ही बाजूंस खोलगट वाफे अशी ही रचना आहे. मार्ग उंच व वाफे खाली, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही, कारण तो मार्गावरूनच चालत असतो. परंतु बागेचे सारे सिंचन या उंचीच्या फरकावर अवलंबून असते. फरसबंदीवर पडलेले पावसाचे पाणी कडेने वाफ्यांत उतरते. फरसबंदी चुन्यात घट्ट बसवलेली असल्याने ती स्वतः पाणी जिरवत नाही, ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. जुने ते सारे सच्छिद्र व निसर्गस्नेही होते, असे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. फरक एवढाच की अभेद्य दगडावरून निसटलेले पाणी कोठे जाणार, हे आधी ठरवलेले होते.

पाणचक्की येथे हा विचार आणखी एक पायरी पुढे गेलेला दिसतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दरगाह परिसरातील ही योजना सतराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे टप्प्याटप्प्याने पूर्ण झाली. उत्तरेच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी नळांनी आणून उंचावरून सोडले जाई आणि त्याच्या बळावर दळण चाले. ते पीठ यात्रेकरू व शिष्य यांच्या उपयोगी पडे. चक्की फिरवून झाल्यावर पाणी प्रांगणातील विस्तीर्ण हौदात येते. या हौदाचा तळ म्हणजे खालच्या प्रशस्त दालनाचे छत आहे. वर पाणी आणि खाली उन्हाळ्यातही गारवा. बागेतील दगडी हौद सामान्यतः पाहण्यासाठी असतो. येथे तो घर थंड ठेवण्यासाठी आहे. दळणे, साठवणे, गारवा देणे आणि शेवटी झाडांना पाणी घालणे अशी चार कामे एकाच पाण्याकडून करून घेणारी ही दगडी साखळी औरंगाबादच्या बागकलेतील सर्वोत्तम कृती आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मकबऱ्याचा क्रम त्यानंतरचा.

दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग ही मुघलकाळापासून चालत आलेली बाग हर्सूलच्या अधिक जवळची. सुमारे तीनशे एकरांच्या या परिसरात पुढे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आले आणि आंबा, चिंच, जांभूळ अशा वृक्षांमुळे ती टिकून राहिली. येथे दगड अगदी मोजका दिसतो. फळबागेस फरसबंदीची गरज नसते. तिला विहीर, पाट आणि पाट फोडण्याच्या जागी पाणी माती वाहून नेऊ नये म्हणून ठेवलेला एक सपाट दगड पुरतो. या एका दगडास कोणी कला म्हणणार नाही, पण शेतकऱ्याच्या बागेतून तो काढून घेतला तर दुसऱ्या दिवशी तेथे खड्डा पडलेला असतो.

घराचा चौक

राजेरजवाड्यांच्या बागांप्रमाणे सामान्य घरांतही दगड व हिरवळ यांचे नाते होते, मात्र त्यास कोणी बाग म्हटले नाही. मराठवाड्यातील वाड्याचा चौक आठवावा. चारी बाजूंच्या ओसऱ्यांची पाखे आत उतरलेली, मध्ये फरसबंदी, मधोमध तुळशीवृंदावन, एका कोपऱ्यात आड आणि न्हाणी. न्हाणीचे पाणी दगडी पन्हळीतून परसात जाई आणि तेथे अळू, केळ, कर्दळ, लिंबू यांना मिळे. चौकातील फरशा बहुधा मुरमाच्या गादीवर बसवलेल्या असत, त्यामुळे सांध्यांतून थोडे पाणी मुरे. पावसाळ्यात त्या सांध्यांतून उगवणारे गवत उपटण्याचे काम घरातील मुलांकडे असे, ही आठवण आजही अनेक ज्येष्ठांकडून ऐकावयास मिळते.

वाड्याबाहेर वड-पिंपळाभोवतीचा पार, जनावरांसाठी दगडी डोणी आणि शेताच्या उतारावर रचलेली ताल हे आणखी तीन प्रकार. ताल म्हणजे चुना-मातीविना रचलेली दगडांची आडवी भिंत. शेतातील वेचलेले दगड उताराला आडवे लावले की पाण्याचा वेग कमी होतो, मागे माती साचते आणि फटींतून पाणी हळूहळू निघून जाते. चुन्यात बांधलेली भिंत येथे चालत नाही, पावसाच्या पहिल्या लोंढ्यात ती फुगून कोसळते. खडकाळ उतारावर बाग करणाऱ्यास आजही याहून स्वस्त व टिकाऊ उपाय मिळणे कठीण आहे.

हे सारे काम ज्यांच्या हातून झाले त्यांची नावे शिलालेखांत येत नाहीत. वडार, पाथरवट, बेलदार या समाजांनी पहार, घण, सुतकी, छिन्नी व टाकी यांच्या बळावर विहिरी खोदल्या, ताली रचल्या, जाती-पाटे घडवले. वडार समाजातील माती वडार, गाडी वडार असे भेद कामावरूनच पडलेले आहेत. माती उपसणारे वेगळे आणि गाड्यातून दगड वाहणारे वेगळे. यंत्राने खडी फोडली जाऊ लागली, घरोघरी विजेची चक्की व मिक्सर आला आणि या कौशल्यातील मोठा भाग निरुपयोगी ठरला. जात्याला टाकी लावून देण्यासाठी गल्लीतून दिली जाणारी आरोळी आता जवळपास ऐकू येत नाही.

शोभेचा दगड

बागेत दगड मुख्य मानणाऱ्या परंपरा जगात आहेत आणि त्या आदरणीय आहेत. जपानमधील अकराव्या शतकातील 'साकुतेइकी' हा उद्यानविषयक ग्रंथ दगड उभे करण्याच्या विषयानेच सुरू होतो. क्योतो येथील र्योआन-जी मंदिरातील पंधरा दगडांच्या कोरड्या बागेत पाणी नाही, केवळ विंचरलेली वाळू आहे. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड फॅरर याच्या १९०७ मधील 'माय रॉक गार्डन' या पुस्तकाने डोंगरी वनस्पतींसाठी खडकांची रचना घरोघरी नेली. आपल्याकडे चंदीगड येथे नेक चंद यांनी टाकाऊ वस्तू व दगडांतून गुपचूप उभारलेली बाग १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. या प्रत्येक ठिकाणी दगड का ठेवला, याचे उत्तर मिळते. क्योतोमध्ये ते ध्यानाचे आहे, फॅररकडे वनस्पतीच्या मुळांना हवा असलेल्या निचऱ्याचे.

हर्सूलकडील नव्या अंगणांत मात्र हे उत्तर नेहमी मिळत नाही. प्लॉटचा मोठा भाग सिमेंटवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकने झाकलेला असतो, उरलेल्या पट्ट्यात प्लॅस्टिकच्या कागदावर पांढरे गोटे पसरलेले असतात आणि पावसाचे पाणी उताराने थेट रस्त्यावर सोडलेले असते. पांढरा गोटा येथील नव्हे. तो ट्रकने येतो आणि मे महिन्याच्या उन्हात कुंडीतील रोपांना भाजून काढतो. त्याच वसाहतीत फेब्रुवारीपासून टँकर फिरू लागतात. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि शहराची तहान दूरच्या पाण्यावर भागू लागली, तेव्हापासून पायाखालच्या खडकात पाणी मुरते की नाही हा प्रश्न घरमालकाच्या विचारातून हळूहळू निघून गेला. कूपनलिका कोरडी पडली की त्याची आठवण होते.

यावर उपायही अवघड नाही. स्थानिक काळ्या दगडाच्या फरशा सिमेंटऐवजी मुरूम व वाळूवर बसवाव्यात, चालण्याची वाट वाफ्यांपेक्षा चार बोटे उंच ठेवावी, छताचे पाणी डबर-खडी भरलेल्या शोषखड्ड्यात सोडावे आणि उतार असेल तेथे हातभर उंचीची ताल रचावी. यांपैकी एकही गोष्ट नवी नाही. वडार कारागिरास ती समजावून सांगावी लागत नाही. उलट असे काम सांगणारे गिऱ्हाईक फार वर्षांनी भेटल्याचे समाधान त्याच्या बोलण्यात दिसते, असा अनुभव पाहणीच्या वेळी आला.

अधिक चिंतेची बाब निराळी आहे. नहरींचे मार्ग आज वस्तीखाली गेले आहेत. पाया खणताना खापरी नळ लागला तर तो बहुधा ढिगाऱ्यात जातो, आणि घडीव शिळा मिळाली तर ती बागेत जाते. पडक्या वाड्यांची जाती, डोणी, जोत्याचे चिरे यांना शोभेच्या बाजारात चांगली किंमत येते. एका अर्थी ते टिकतात, हे खरे. परंतु वस्तू टिकली तरी तिचा ठावठिकाणा नाहीसा होतो आणि इतिहासाच्या अभ्यासकास वस्तूइतकाच तिचा ठावठिकाणा महत्त्वाचा असतो.

अशी एक शिळा प्रस्तुत लेखकाने याच भागातील एका घराच्या बागेत पाहिली. सुमारे चार फूट लांब, वीतभर जाड, चारही कडा टाकीने साफ केलेल्या. दोन विटांच्या खांबांवर ठेवून तिचे बाक केलेले होते आणि शेजारी उलट्या ठेवलेल्या जात्यातून विजेच्या पंपाने पाणी उसळत होते. पाया खणताना पाच-सहा फुटांवर ती आडवी मिळाली, खाली पोकळी होती, ती मुरूम टाकून बुजवली, असे घरमालकांनी सांगितले. ती पोकळी नहरीची होती की एखाद्या जुन्या आडाची, हे आता ठरवता येणार नाही. शिळेच्या खालच्या बाजूस हात फिरवला असता चुन्याचा पातळ थर आणि त्यावर पाण्याने उमटवलेली सरळ, आडवी रेषा हाताला लागली.